मातीतले जंतू, मुलांचे औषध आणि मापातले पाप



माती म्हटली की आपल्या घरात पहिले वाक्य निघते ते “आधी हात धू”. ते बरोबरच आहे. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, जंताची अंडी मातीत असतात, आणि खेळून आलेल्या पोराने तसाच हात भाकरीला लावला तर पोट बिघडते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. पण याच मातीत असेही जंतू आहेत, की ज्यांच्याकडून माणसाने औषधे करून घेतली. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसीनचे इंजेक्शन आपल्या चाळींतल्या आणि वस्त्यांतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांनी घेतले आहे. ते औषध १९४३ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, रटगर्स येथे, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेतील अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जंतूपासून मिळवले. लांब कशाला जायचे? आपल्या पिंपरीला १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या संशोधकांना पिंपरीच्याच मातीत एक जंतू सापडला. त्याचे शास्त्रीय नाव गावावरूनच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे पडले, आणि त्यापासून बुरशीच्या रोगांवर ‘हॅमायसीन’ हे औषध तयार झाले.

ही झाली जंतूंना मारणारी औषधे. आज मला सांगायचे आहे ते जंतूंपासून मिळणाऱ्या एका वेगळ्या औषधाविषयी. हे औषध म्हणजे एन्झाइम. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला ‘विकर’ म्हणतात. मी काही डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला, दिवसभर खतावण्या आणि व्हाउचरे तपासणारा कारकून आहे. पण वस्तीतल्या आजारी माणसांबरोबर दवाखान्यांच्या रांगेत उभे राहता राहता जे विचारून, वाचून समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो. यात हिशेबाचाही एक मुद्दा आहे, आणि तो कारकुनाने सांगण्यासारखा आहे.

एन्झाइम म्हणजे काय? भाकरीचा घास गिळण्याची घाई न करता खूप वेळ चावत राहा, तो थोडा गोड लागू लागतो. तुमच्या लाळेतले एन्झाइम भाकरीतल्या पिठुळ भागाचे तुकडे करून त्याची साखर करत असते. एन्झाइम म्हणजे असा कामगार, की जो एकच ठरावीक काम करतो, पण ते फार झपाट्याने करतो, आणि काम करताना स्वतः संपत नाही. आपल्या शरीरात असे हजारो कामगार आहेत. जंतूंच्या शरीरातही आहेत. त्यांपैकी एक कामगार लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर कामाला लावलेला आहे. त्याचे नाव अ‍ॅस्पॅराजिनेज.

ही गोष्ट समजायला आधी अ‍ॅस्पॅराजिन समजले पाहिजे. आपल्या शतावरीच्या कुळातली एक भाजी युरोपात खातात, तिचे नाव अ‍ॅस्पॅरॅगस. १८०६ साली फ्रान्समधील वोकलँ आणि रोबिके या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला, त्याला भाजीवरून अ‍ॅस्पॅराजिन हे नाव मिळाले. प्रथिने ज्या मण्यांची ओवलेली असतात, त्यांपैकी हा एक मणी. शरीरातल्या प्रत्येक पेशीला वाढायला तो लागतो. निरोगी पेशी तो स्वतः तयार करू शकतात. पण लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर, ज्याला डॉक्टर ‘ए.एल.एल.’ म्हणतात, त्यातल्या बिघडलेल्या पांढऱ्या पेशींना तो पुरेसा तयार करता येत नाही. त्या रक्तातून आयता उचलतात. आता रक्तातला हा आयता साठाच संपवला तर? निरोगी पेशी घरचे करून खातील, आयत्यावर जगणाऱ्या पेशी मात्र उपाशी मरतील. अ‍ॅस्पॅराजिनेज नेमके हेच करते. ते अ‍ॅस्पॅराजिन तोडते आणि त्याचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल व अमोनिया करून टाकते.

हे कसे कळले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड या शास्त्रज्ञाला दिसले, की गिनीपिगच्या रक्तातले पाणी (सीरम) टोचले की उंदरांच्या काही गाठी विरघळतात. इतर प्राण्यांच्या सीरमने तसे होत नव्हते. असे का, याचा उलगडा व्हायला आठ वर्षे लागली. १९६१ साली जॉन ब्रूम यांनी दाखवून दिले, की गिनीपिगच्या रक्तात अ‍ॅस्पॅराजिनेज असते आणि गुण त्याचा आहे. पण एवढेसे गिनीपिग, त्यांच्या रक्तातून किती मुलांना औषध पुरणार? १९६४ साली मॅशबर्न आणि रिस्टन या शास्त्रज्ञांनी ‘ई. कोलाय’ या आतड्यातल्या जंतूचे अ‍ॅस्पॅराजिनेजही तेच काम करते हे दाखवले, आणि वाट मोकळी झाली. जंतू टाकीत वाढवता येतात, आणि हवे तितके वाढवता येतात. १९७८ साली अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधाला परवानगी दिली.

यात मातीचा संबंध कुठे, असे तुम्ही विचाराल. काही मुलांचे शरीर ई. कोलायच्या एन्झाइमला परके समजून त्याच्यावर उलटते. अंगावर गांध्या उठतात, श्वास लागतो, आणि औषध बंद करावे लागते. अशा मुलांसाठी दुसऱ्या जंतूचे एन्झाइम लागते. ते मिळाले ‘अर्विनिया’ या जंतूपासून. हा जंतू वनस्पतींवर आणि मातीत राहतो, आणि बटाटे, गाजरे सडवतो. तुमच्या टोपलीत जो बटाटा पाणी सुटून लिबलिबीत होतो, त्यामागे अशाच जातीचे जंतू असतात. भाजीची नासाडी करणाऱ्या जंतूने मुलांचे प्राण वाचवणारे औषध दिले! या औषधाचा मधल्या काळात जगभर वारंवार तुटवडा पडला. तेव्हा शास्त्रज्ञांनी अर्विनियाचे एन्झाइम बनवण्याची कृती, म्हणजे त्याचा जनुक, ‘स्युडोमोनास फ्लुओरेसन्स’ या मातीत, झाडांच्या मुळांजवळ राहणाऱ्या जंतूत घातली. त्याच्याकडून तयार करून घेतलेल्या एन्झाइमला अमेरिकेत जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

मातीच्या जंतूचे आणखी एक एन्झाइम याच आजारात उपयोगी पडते. ए.एल.एल.मध्ये मेथोट्रेक्झेट नावाचे औषध कधीकधी मोठ्या मात्रेत देतात. एखाद्या मुलाची किडनी ते बाहेर टाकू शकली नाही, तर तेच औषध विष होते. तेव्हा ग्लुकार्पिडेज हे एन्झाइम देतात, ते रक्तातले मेथोट्रेक्झेट तोडून टाकते. ते मूळ मातीतल्या स्युडोमोनास जातीच्या एका जंतूत सापडले, आणि अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

आपल्या मुलामुलींपैकी कोणी मायक्रोबायॉलॉजी शिकत असेल, तर त्याला किंवा तिला विचारा, मातीतून असा जंतू कसा शोधतात. ग्रॅमभर मातीत कोट्यवधी जंतू असतात. ती माती निर्जंतुक पाण्यात कालवतात, त्यातले थोडे पाणी पुन्हा पाण्यात, त्यातले पुन्हा पाण्यात, असे पातळ करत जातात. मग आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो त्या अगरची काचेच्या बशीत वडी पाडतात, तिच्यात अ‍ॅस्पॅराजिन आणि फिनॉल रेड नावाचा रंग घालतात, आणि वर ते पातळ पाणी पसरतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? तसाच हा रंग पिवळ्याचा गुलाबी होतो. ज्या जंतूजवळ अ‍ॅस्पॅराजिनेज आहे, तो अमोनिया सोडतो आणि त्याच्याभोवती गुलाबी कडे उमटते. ही सोपी रीत १९९७ साली दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून कितीतरी महाविद्यालयांतली मुले आपापल्या गावची माती आणून असे जंतू शोधत आहेत.

पण गुलाबी कडे मिळाले म्हणजे औषध झाले असे नाही. खरा रस्ता तिथून पुढे सुरू होतो. निवडलेला जंतू थंडीत जपून ठेवावा लागतो. त्याला आधी लहान बाटलीत, मग लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत वाढवतात. टाकीत सतत हवा सोडायची, ढवळायचे, तापमान आणि आंबटपणा राखायचा. दुसरा एखादा जंतू आत शिरला तर सगळी टाकी वाया. मग जंतू वेगळे करून त्यांच्यातून एन्झाइम बाहेर काढायचे, आणि ते एका गाळणीतून दुसऱ्या गाळणीत नेत शुद्ध करायचे. जंतूची इतर प्रथिने आणि त्याच्या कवचातले ताप आणणारे विष यात राहता कामा नये. शेवटी ते गोठवून सुकवतात, आणि लहान बाटलीत पांढरी पूड म्हणून भरतात. ही बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते.

आता हिशेबाच्या मुद्द्याकडे येतो. गोळीचे औषध वजनावर मोजतात, इतके मिलिग्रॅम. एन्झाइम हे किती काम करते यावर मोजतात. ३७ अंश तापमानाला मिनिटाला ठरावीक इतका अमोनिया मोकळा करेल, ते एक युनिट. बाटलीवर ५,००० किंवा १०,००० युनिट असे लिहिलेले असते. म्हणजे आपण पैसे मोजतो ते पुडीचे नव्हे, कामाचे. आणि इथेच मापात पाप होऊ शकते. पॅरासिटामॉलच्या एका रेणूत फक्त २० अणू असतात, ते कोणीही नीट बनवले की सारखेच. म्हणून अशा साध्या गोळ्यांची जेनेरिक औषधे आपण बेलाशक घ्यावीत, त्यात गरिबाचे पैसे वाचतात. ई. कोलायचे अ‍ॅस्पॅराजिनेज म्हणजे चार सारख्या साखळ्यांचा गुंडा आहे, आणि एकेका साखळीत ३२६ मणी आहेत. बनवताना, साठवताना, नेताना कुठेही हयगय झाली, तर पूड तितकीच दिसते, पण काम कमी करते.

ही नुसती भीती नाही. २०१७ साली ब्राझीलमध्ये सरकारने स्वस्तात आयात केलेले अ‍ॅस्पॅराजिनेज तिथल्या बालकर्करोग केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपासले, तर त्यात जंतूची परकी प्रथिने निघाली. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या बाजारातील काही मालाची प्रत समाधानकारक नसल्याचे दाखवले. जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील शोधपत्रकारांनी तर अशा कमअस्सल मालाची जागतिक यादीच मांडली. त्यांचा अंदाज असा, की त्यामुळे सुमारे ७०,००० मुलांना धोका पोहोचला असावा. आणि तो माल मुख्यतः गरीब देशांत जातो.

हे का होते? कारण खरेदी करणारा बाटलीचा भाव पाहतो. आमच्या कचेरीच्या भाषेत, सर्वांत कमी दराची निविदा मंजूर! समजा, एक बाटली १,००० रुपयांची आणि तिच्यात पुरी १०,००० युनिटे आहेत. दुसरी ७०० रुपयांची, पण तिच्यात खरे काम ५,००० युनिटांचेच. कागदावर दुसरी ३०० रुपयांनी स्वस्त. हिशेब मांडा. पहिलीत एका युनिटाला १० पैसे पडतात, दुसरीत १४ पैसे. दुसरी महाग आहे. आणि त्यावर जे व्याज चढते, ते पोराच्या अंगावर चढते. कॅन्सरच्या पेशी उपाशी मरण्याऐवजी तग धरतात आणि रोग उलटतो.

म्हणून मागणी अशी असली पाहिजे, की सरकारी रुग्णालयांनी हे औषध विकत घेताना युनिटे तपासून घ्यावीत, प्रत्येक लॉटची तपासणी व्हावी, आणि तिचा निकाल लोकांना पाहता यावा. रेशनच्या दुकानात काटा तपासा म्हणून आपण भांडतो. मग इथे का भांडू नये? एकट्या बापाने हे विचारले तर त्याला कोणी उभे करणार नाही. मंडळाच्या, महिला मंडळाच्या, कामगार संघटनेच्या लेटरहेडवर हे पत्र गेले पाहिजे.

पण हे वाचून कोणी घाबरून उपचार सोडू नये, हे मी हात जोडून सांगतो. एकेकाळी हा रोग झालेली मुले काही महिन्यांत जात. आज श्रीमंत देशांत दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे, आणि त्याला नुसते औषध कारण नाही. मूल उशिरा दवाखान्यात येते, मध्येच संसर्ग होतो, आणि कितीतरी घरे उपचार अर्ध्यावर सोडतात.

आमच्या वस्तीत असाच एक प्रसंग आला. वडील कंत्राटी सफाई कामगार, मुलगा सहा वर्षांचा. पहिल्या पाच आठवड्यांच्या इंजेक्शनांनंतर मुलगा उठून खेळू लागला, ताप गेला, रक्ताचा रिपोर्ट सुधारला. वडील माझ्याकडे आले. “दादा, पोरगं तर बरं झालं. माझे खाडे पडायलेत, ठेकेदार काढून टाकीन म्हणतोय. आता गावाकडं न्यावं म्हणतो.” मी म्हटले, “भाऊ, कर्जाचा पहिला हप्ता भरला म्हणून कोणी कागद फाडून टाकतो का?” त्यांना पटले नाही. मग दवाखान्यातल्या समाजसेविका ताईंनी समजावले, की रिपोर्टमध्ये दिसत नाहीत इतक्या थोड्या पेशी अजून आत दडून आहेत, त्यांना संपवायला दोन-अडीच वर्षे औषध लागते. शेवटी निकाल दिला तो मुलाच्या आईने. ती म्हणाली, “तुम्ही जा कामाला. मी राहते पोरापाशी.” तिने एक वही केली. कोणत्या तारखेला कोणते इंजेक्शन, बाटलीवरचा बॅच नंबर, त्या दिवशी ताप किती, सगळे त्यात. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. डॉक्टर पुढे पुढे फाइलच्या आधी तिची वही मागत असत. तो मुलगा उपचार पुरा करून आज शाळेत जातो.

त्या माउलीकडून शिकण्यासारखे असे. मुलाला पंधरा दिवस ताप येत-जात असेल, चेहरा पांढराफटक पडला असेल, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग दिसत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, हाडे दुखतात म्हणून ते रडत असेल किंवा मानेला गाठी आल्या असतील, तर अंगारे-धुपारे न करता रक्ताची साधी तपासणी करून घ्या. या सगळ्याचा अर्थ कॅन्सरच असा नाही, पण तपासणीत कळते. इंजेक्शन बाहेरून आणायला सांगितले तर बिल घ्याच, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या. बाटली थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीबरोबर आणा, पण बाटली बर्फाला टेकवू नका, ती गोठता कामा नये. उन्हात, गाडीच्या डिकीत किंवा खिशात घालून आणू नका. इंजेक्शननंतर डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच थांबा. अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला, नंतरच्या दिवसांत पोटात जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, डोके फार दुखले किंवा एखादा हात-पाय सुजला, तर लगेच दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा, “साहेब, औषध अंगात काम करते की नाही, याची रक्ततपासणी होते का?” अशी तपासणी असते. कधीकधी अंगावर काही न दिसता शरीर हे एन्झाइम निकामी करून टाकते, तेही तिच्यातून कळते. डॉक्टर मग दुसऱ्या जंतूचे औषध देऊ शकतात.

पैशाची काळजी मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, आणि २०२३ साली राज्य सरकारने ही योजना सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांपर्यंत वाढवून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, आधी त्याला भेटा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या मुक्कामाला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड या संस्थेची मोफत निवासकेंद्रेही २००६ पासून चालू आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी केली की नाव कसे नोंदवायचे ते सांगतात. मागायला लाजू नका, ही भीक नव्हे.

आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत या औषधाच्या तपासणीचा विषय घ्यावा. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अधीक्षकांना दोनच प्रश्न लेखी विचारावेत. मुलांना देता ते अ‍ॅस्पॅराजिनेज किती युनिटांचे निघाले, आणि ते कोणी तपासले? उत्तर काय येते ते या पानाकडे जरूर कळवा.